मरायच्या आधीचा फोन

"सर, उतरू नका, फ्रेममध्ये याल," दीपेश म्हणाला आणि त्याने गाडीचं दार बाहेरूनच दाबून धरलं. त्यामुळे विनेश गायकरला स्वतःची श्रद्धांजली गाडीत बसूनच वाचावी लागली.

बोर्ली पंचतनच्या अलीकडच्या फाट्यावर, एसटीच्या थांब्याला लागून, दोन बांबूंमध्ये फ्लेक्स ताणून बांधला होता. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मध्ये पदवीचा काळा झगा घातलेला, नुकतं मिसरूड फुटलेला विनेश. आणि खाली, धावत्या एसटीतूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत, ‘कै. विनेश बाळाजी गायकर (बी.ए.)’. त्याच्याही खाली, ‘शोकाकुल : समस्त ग्रामस्थ, नागळकोंड’.

"अरे, हे माझं नाव कशाला?" विनेशने काच खाली केली. "मालिकेत मी विश्वासराव आहे ना?"

दीपेश हा सहायक दिग्दर्शक. वयाने लहान, पण सेटवरच्या सगळ्या घोळांचं उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावर. "सर, इथल्या फ्लेक्सवाल्याची कमाल. आपण तुमचा फोटो पाठवून विश्वासरावांचं नाव कळवलं. तो म्हणाला, हा कसला विश्वासराव, हा तर आमचा विनेश गायकर. मुंबईवाल्यांनी नाव चुकवलं असं समजून त्याने आपणहून दुरुस्त केलं. तुमच्या सत्काराचा जुना फ्लेक्स होता म्हणे त्याच्या कॉम्प्युटरवर. ‘हार्दिक अभिनंदन’ काढलं आणि हे टाकलं."

"आणि तुम्ही तो बांधलात?"

"लांबचा शॉट आहे सर, नाव धूसर करून टाकू. एक शॉट आत्ता झाला की दुपारचा एक, मग लगेच काढतो. प्रॉमिस."

आत्ता काढ, असं विनेशने म्हणायला हवं होतं. पंचेचाळीस वर्षांचा, नावाजलेला नट; त्याने आवाज चढवला असता तर बांबूसकट फ्लेक्स उतरला असता. पण चॅनलच्या बाई मुंबईहून खास आल्या होत्या, पुढच्या मालिकेतली मोठी भूमिका त्यांच्याच हातात होती, आणि अशा दिवशी कटकट्या नट म्हणून नाव होणं कुणाला परवडतं? "विसरू नकोस हं," एवढंच तो म्हणाला आणि काच वर केली. गाडी निघाली तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. कोवळा, गालफडं बसलेला तो पोरगा झगा सावरून त्याच्याकडेच बघत होता.

नागळकोंड त्या फाट्यापासून सात किलोमीटर आत. तिथे त्याची आई, सोनाबाई, एकटी राहत होती.

विनेश हा नागळकोंडचा पहिला पदवीधर. झगा श्रीवर्धनच्या स्टुडिओवाल्याचा, भाड्याचा. पण पदवी खरी. कॉलेजात एकांकिका करता करता नाटकाचं वेड लागलं ते सुटलं नाही. त्याच एकांकिकांमधली मुरुडची दिपाली बी.कॉम. होऊन मुंबईला गेली, तिच्या पाठोपाठ हाही गेला. तिला आधी नोकराणीच्या भूमिका मिळाल्या, मग मावशीच्या, मग सासूच्या. विनेशला मिळालं मरण. तो फार छान मरतो, हे कुणा दिग्दर्शकाच्या लक्षात आलं आणि मग मरणारा बाप, मरणारा भाऊ, पहिल्याच भागात मरून उरलेली दीड वर्षं हार घातलेल्या फोटोत राहणारा नवरा, सगळं त्याच्याकडे येऊ लागलं. त्यावर त्याचं घर उभं राहिलं. छाती किंचितही न हलवता तो दीड मिनिट पडून राहायचा. मुलाखतीत विचारलं की योगाचं नाव सांगायचा. खरी गोष्ट सांगायची त्याला लाज वाटे.

खरी गोष्ट आईच्या चुलीजवळची होती. लहानपणी जरा अंग तापलं की सोनाबाई मूठभर मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या घेऊन दृष्ट काढायला बसे. ओवाळून झालं की मूठ चुलीत. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट होती आणि ती जळाली. ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच, दुखणं खरं आहे. एकदा पाच-सहा वर्षांचा विनेश खोकला आणि आईचं तोंड असं काही उतरलं की त्याने मनाशी ठरवलं, पुन्हा खोकायचं नाही. तेव्हापासून धूर उठला की तो श्वास धरून बसायचा. डोळे भरून यायचे, छाती फुटायला यायची, पण खोकला यायचा नाही. "बघ, कशी जळाली!" म्हणत आई खुशीत कडाकडा बोटं मोडायची. त्याच्या अभिनयाचं सगळं शिक्षण तिथं झालं होतं.

आणि आईचा एक नियम होता. त्याचा बाप बाळाजी मुंबईत, शिपायाच्या नोकरीत असताना खोलीवरच गेला होता आणि गावात निरोप पोचला तो तिसऱ्या दिवशी. त्या दोन दिवसांत सोनाबाईने हळदीकुंकवाला जाऊन ओटी भरून घेतली होती. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. विनेश पडद्यावर पहिल्यांदा मेला तेव्हा तिने फोनवर बजावलं, "तुजा बा न सांगता गेला. तू टीवीत का व्हयना, सांगून जायाचं."

तेव्हापासून, वीस वर्षं, प्रत्येक मरणाच्या आधी फोन.

"आये, बुधवारी मरतोय."

"कशानं?"

"ॲटॅकनं."

"मंग बरं. मागल्या टायमाला टरकखाली घातलान मेल्यांनी. रगत लय व्हतं."

मग बुधवारी ती त्याचा झग्यातला फोटो पाटावर ठेवून दृष्ट काढायची. घरच्याची, दारच्याची, आल्यागेल्याची, टीवीतल्या अवदसांची. घरात गॅस आला, तरी चूल तिने तेवढ्यासाठी ठेवली होती.

या खेपेला मात्र फोन झाला नव्हता. विश्वासरावांचं मरण चॅनलने गुपित ठेवलं होतं. घरच्यांनाही सांगणार नाही, अशा कागदावर सगळ्या नटांनी सह्या केल्या होत्या. त्याचं शूटिंगही, योगायोग म्हणजे काय असतो बघा, दिवेआगरकडच्या एका बंगल्यात, त्याच्या गावापासून हाकेवर लागलं. विनेशने विचार केला, पॅकअप झालं की संध्याकाळी घरीच जायचंय. समोर बसून सांगू, म्हातारी रुसली तर रुसली. विचार शहाणपणाचा होता. आता फाट्यावरून पुढे गेल्यावर तो तितकासा शहाणपणाचा वाटेना; बंगल्यावर उतरल्या उतरल्या फोन करू, असं त्याने ठरवलं.

बंगल्याच्या दारातच, मागोमाग येऊन पोचलेल्या दीपेशने कापडी पिशवी पुढे केली. "मोबाइल, सर."

"एक फोन करू दे. आईला."

"सर, बाई समोर उभ्या आहेत. तुम्हाला दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल." त्याने आवाज खाली केला. "माझी नोकरी जाईल हो. लंच ब्रेकला देतो, चालेल?"

विनेशने मोबाइल पिशवीत टाकला.

लंच ब्रेक झालाच नाही. ढग भरून येत होते, दिग्दर्शकाला उजेड जायच्या आत अंगणातला सीन उरकायचा होता. मेकअपमन रतनने विनेशच्या तोंडाला पांढुरका रंग थापला, ओठांवर निळसर हात फिरवला, डोळ्यांखाली काळं भरलं. रतन त्याला पंधरा वर्षं मारत आला होता.

"आज हात गार लागतात तुमचे," रतन म्हणाला. "पोटात काय नाही वाटतं. आणि उठल्यावर हसायचं विसरू नका, सर."

ती या धंद्यातली रीत. प्रेताचं काम केलेल्या नटाने शॉट संपताच उठून कॅमेऱ्यात बघून मोठ्याने हसायचं, मग त्याच्या हातात नारळ द्यायचा. म्हणजे मरण समजतं की ही थट्टा होती.

विनेश तिरडीवर आडवा झाला. कपाळाला गुलाल, गळ्यात हार. अंगणात तीसेक माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी होती, त्यातली निम्मी आसपासच्या गावांतून रोजावर आणलेली. आपल्या गावचं तर कुणी नाही ना, हे बघायला त्याने मान वळवली, पण तेवढ्यात आवाज आला, "सायलेन्स! रोल!"

दिपाली मालिकेत त्याची बहीण होती. ती धावत आली आणि त्याच्या छातीवर कोसळली. "दादा! अरे दादा, एकदा तरी बोल रे!" तिचं रडणं असं होतं की रोजावर आलेल्या बायांचेही पदर डोळ्यांना गेले. विनेशची छाती स्थिर होती. मग तिने चेहरा त्याच्या मानेत खुपसला, आणि रडण्याच्याच सुरात, ओठ त्याच्या कानाशी नेऊन म्हणाली, "विन्या, मी आत्ता आले तर तो बोर्ड अजून तिथंच आहे. लोक जमलेत. आईला सांगितलंयस ना?"

प्रेताला काही बोलता येत नाही. दिपाली हंबरडा फोडत होती, कॅमेरा त्यांच्याभोवती सावकाश फिरत होता आणि विनेशला मिटल्या डोळ्यांपुढे धाडधाड एसटी जाताना दिसत होती. अकराची बोर्ली-नागळकोंड. तिच्यात कोण कोण असतं, हे त्याला पाठ होतं. शेजारची कमळकाकी. मच्छी घेऊन परतणाऱ्या बाया. सगळ्या डाव्या खिडकीला बसतात, उजवीकडून ऊन लागतं म्हणून. फ्लेक्स डावीकडे होता.

"कट! क्या बात है! विनेशजी, पापणीसुद्धा हलली नाही. एक अजून, सेफ्टीसाठी."

"एक मिनिट," विनेश उठून बसायला लागला.

"हार हलेल, हार हलेल! कंटिन्युइटी! पडून राहा, प्लीज."

तो पडून राहिला. याचं त्याला पुढे जन्मभर नवल वाटणार होतं, की आपण पडून राहिलो. वीस वर्षांची सवय अंगात इतकी मुरली होती की ‘पडून राहा’ म्हटल्यावर उठायचं असतं, हे अंगाला ठाऊकच नव्हतं. सेफ्टीसाठी एक झाला. मग जवळून एक झाला. मग चॅनलच्या बाईंनी सुचवलं म्हणून हातावरून माशी हाकलण्याचा एक झाला. शेवटच्या ‘कट’ला ढग इतके उतरले होते की सगळं युनिट दिवे उचलून पलीकडच्या सीनकडे पळालं. नारळ टेबलावरच राहिला. हसण्याची आठवण कुणालाच झाली नाही, खुद्द रतनलाही नाही.

विनेशने तिरडीवरून उडी मारली आणि दीपेशच्या खांद्यावरची पिशवी खेचून घेतली. मोबाइलच्या पडद्यावर नुसती नावं उतरत होती. मुंबईचं ग्रामस्थ मंडळ, कॉलेजचे मित्र, कमळकाकी, अनोळखी नंबर. आणि पुन्हा पुन्हा, ‘आये’. शेवटचा फोन वीस मिनिटांपूर्वीचा. त्याने उलट लावला. वाजत राहिला. उचलला नाही. कमळकाकीला लावला, तोही वाजत राहिला.

"सर, फ्लेक्स काढायला माणूस पाठवलाय, आत्ताच..." दीपेशचा आवाज चिरकला होता.

दिपालीने आपल्या गाडीची चावी घेतली होती. "चल," ती म्हणाली, "तोंड नंतर पूस."

फाट्यावर फ्लेक्स तसाच होता. एवढंच की आता त्याच्या बांबूला कुणीतरी झेंडूचा खरा हार बांधला होता आणि खाली वाळूच्या पुडीत उदबत्त्या खोचल्या होत्या. अर्ध्या जळून गेल्या होत्या. कुणाचं तरी मन भरून आलं असणार. दिपालीने ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नको," विनेश म्हणाला.

"अरे, फाडून टाकू निदान."

"थांबू नको, दिपाली."

वाटेत दिपालीने विचारलं, "मोबाइल घरात ठेवून बाहेर बसली असेल, नाही का?" आणि तो म्हणाला, "असेल." भाताच्या खाचरांमधून वाट वर चढत होती. शेतांत एकही माणूस दिसत नव्हता. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत शेतं अशी ओस कधी असतात, हे दोघांनाही माहीत होतं. गावात मयत असलं की.

सगळं गाव त्याच्या घरापुढे होतं. ओट्यावर पुरुष, अंगणात बाया, कुंपणाशी पोरं. आणि घराच्या कौलांतून पांढरा धूर निघत होता. अंगणातली माणसं तोंडाला पदर आणि टॉवेल लावून खोकत होती.

गाडीचं दार उघडून विनेश उतरला. पांढरा फटक चेहरा, निळे ओठ, कपाळाला गुलाल. अंगणातून एक किंकाळी उठली. दोन बाया धडपडत मागे सरल्या. बुधाजी पाटलासारखा म्हातारा, कुणाला न भिणारा माणूस, तोही हातातली काठी पुढे धरून उभा राहिला.

"मी आहे," विनेश म्हणाला. "अरे, मीच आहे. रंग आहे तोंडाला. शूटिंग होतं."

कमळकाकी सगळ्यात आधी पुढे आली. तिने त्याचा दंड चाचपला, बोटाने गालावरचा रंग पुसून बघितला, आणि मग त्याच गालावर एक सणसणीत ठेवून दिली.

"मुडद्या! फोन कराया काय झालं व्हतं तुला?" ती रडायला लागली. "मीच आले रं सांगत. बसमदनं बोरड बगला आनि पलतच आले. मला काय म्हाईत?"

"आये कुठंय?"

"तिनं कोनाचं आयकलंन न्हाय. सगले रडतान्, ही आपली बसलेली. म्हनली, माजा इनेश मरायच्या आदी फोन करतो. फोन आलेला न्हाय, म्हंजे माजं पोर हाय. सकालधरनं वट्यावर फोन हातात घेऊन बसलेली. ना पेज खाल्लान, ना बीपीची गोली. कोन जवल गेला का हाकलायची. मयताचं सामान आनाया मानसं निगाली, तर त्यांच्यावर वसकन धावली."

"आता कुठंय?"

"चुलीकडं." कमळकाकीने डोळे पुसले. "मगाशी उठली. म्हनली, सांगायचं इसारला आसंल. इसारला तं इसारला. मी दिष्ट काडते. आनि दार लोटून बसली. दिष्ट काडताना हाक मारू नये, म्हून आमी हितंच."

"केव्हापासून?"

मागून एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "एवडा धूर हाय, पन म्हातारी कशी खोकलत न्हाय गो?"

विनेशने ते ऐकलं. त्याने पायरी चढून दार ढकललं.

आत धुरामुळे आधी काही दिसेना. त्याने सवयीने श्वास धरला. पन्नास पावलांवरचं माणूस हैराण होईल असा तो धूर होता. सात नव्हे, घरात होत्या नव्हत्या तेवढ्या मिरच्या तिने घेतल्या असाव्यात. हळूहळू चुलीतला लाल निखारा दिसला. मग पाट दिसला. पाटावर त्याचा झग्यातला फोटो, कुंकू लावलेला. आणि पाटाच्या पलीकडे, भिंतीला टेकून, आई.

डाव्या हातात मोबाइल होता. तो मांडीवर उताणा पडला होता आणि पडद्यावर त्याच्याच नावाचा न घेतलेला फोन दिसत होता. उजवी मूठ गच्च मिटलेली, फटींतून मीठ सांडलेलं. अर्धी दृष्ट चुलीत गेली होती, अर्धी मुठीतच राहिली होती. मान किंचित त्याच्या फोटोकडे कललेली. डोळे उघडे होते, आणि एवढ्या धुरात त्यांतून पाणी येत नव्हतं.

"आये," तो म्हणाला. श्वास धरलेला असल्यामुळे शब्द नीट फुटला नाही.

तो गुडघ्यांवर बसला. माणूस श्वास धरून बसलेलं असलं की गळ्याच्या खळग्यात एक बारीकसा ठोका लपत नाही. जन्मभर मेलेल्याचं सोंग केलेल्या नटालाही तो लपवता येत नाही. कॅमेरा तिकडे वळू नये म्हणून तर तो गळ्यात हार मागून घ्यायचा. विनेशने आईच्या गळ्याच्या त्या खळग्याकडे पाहिलं. पोत होती, पोतीचे काळे मणी होते. बापाच्या मागेही तिने ते मणी, डोरलं काढून, देवीच्या नावाने घालून ठेवले होते. त्या मण्यांतला एकही हलत नव्हता. तरी तो बघत राहिला. आपण करतो तसंच ही करत असेल, असं त्याला फार वाटत होतं. आता कुणीतरी ‘कट’ म्हणेल आणि ही आपल्याकडे बघून हसेल.

त्याने तिच्या हातातला मोबाइल काढून बाजूला ठेवला. तिच्या तळव्यावर आपला रंगवलेला गाल टेकला. तळवा अजून कोमट होता. चुलीजवळ असल्यामुळे असेल.

आणि मग, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, त्या घरात त्याने श्वास सोडला आणि आत घेतला. मिरच्यांचा धूर छातीत सुरीसारखा गेला. त्याला ठसका लागला. एक लागला, मग दुसरा, मग थांबेचनात. आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो खोकत राहिला. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहून तोंडावरचा पांढरा रंग तिच्या लुगड्याला लागला.

बाहेर अंगणात सगळे कान देऊन उभे होते.

"खोकला आला!" कमळकाकी म्हणाली. तिचा आवाज दाराशी आला आणि तिथेच बारीक झाला. "इनेश, ठसका लागला का रं? तुला का आयेला? म्हंजे दिष्ट न्हवती."

आत तो खोकतच होता.